दगडावर ‘नीतिमान’ कोरावं का?

वाचक ताईंचं पत्र, थोडं आखूड करून:

‘सलाम. आमचे वडील गेल्या वर्षी प्रभूकडे गेले. नगर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात त्यांचं चाळीस वर्षं किराणा दुकान होतं. दुकान उघडलं की आधी रिकामी तागडी उचलून गिऱ्हाइकाला दाखवायचे, ही त्यांची सवय सगळ्या गावाला पाठ आहे. पुढच्या महिन्यात वर्षाची स्मरणप्रार्थना आहे आणि कबरीवर दगड बसवायचा आहे. भावाने त्यावर नीतिसूत्रे १०:७ निवडलं आहे, नीतिमानाचं स्मरण आशीर्वाद ठरतं अशा अर्थाचं. त्यावरून धाकटी बहीण भडकली. म्हणते, “नाताळ सोडला तर बाबा मंडळीत कधी आले? आणि जेवणाचं ताट भिरकावणारा माणूस नीतिमान कसा?” पाळकसाहेब म्हणतात, ज्याने विश्वास ठेवला त्याला देवाने नीतिमान ठरवलं, मग वाद कशाला. मामेभाऊ इस्राएलमध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करतो. तो फोनवर म्हणाला, “अगं, इकडे तो शब्द म्हणजे दानधर्म. दुकानादुकानांत त्या नावाचा डबा असतो.”

आणखी एक. गल्ल्याखालच्या खणात फडक्यात बांधलेले लहान मुलाचे चांदीचे वाळे सापडले. सोबत चिठ्ठी, बाबांच्या अक्षरात: एका बाईंचं नाव, ६५० रु. बाकी, २००९. त्या बाई अजून गावात आहेत, मजुरीला जातात, नवरा वारला. भाऊ म्हणतो, आधी बाकी घ्यावी मग वाळे द्यावेत, चांदी कुठल्या कुठे गेली आहे. मला वाटतं, स्मरणप्रार्थनेच्या दिवशी सगळ्यांसमोर, बाबांच्या नावाने दान म्हणून ते परत करावेत. तुम्ही हिब्रू शिकवलंय. त्या शब्दाचा खरा अर्थ काय? आणि दगडावर तो कोरला तर खोटं लिहिल्यासारखं होईल का?’

ताई, सलाम.

एका शब्दावरून घरात एवढी मतं पडली, आणि प्रत्येकाच्या हातात त्या शब्दाचा एकेक तुकडा आहे. त्यामुळे कुणालाही साफ खोटं पाडायची वेळ माझ्यावर येणार नाही. तुमच्या बेताला मात्र मी हरकत घेणार आहे, त्या दानाच्या. तिथे येतोच.

आपल्या मराठी शास्त्रात ‘नीतिमान’, ‘नीतिमत्त्व’ असं जिथे वाचता, तिथे जुन्या करारात बहुतेक वेळा एकच हिब्रू धातू असतो, तीन अक्षरांचा: त्सादे, दालेत, कोफ. त्यातून ‘त्सेदेक’ आणि ‘त्सदाका’ ही नामं होतात, आणि त्याप्रमाणे वागतो तो ‘त्सद्दीक’. हा धातू तुम्हाला अगदीच परका नाही. गावात एखादे सादिकभाई असतील. अरबीतला ‘सादिक’ म्हणजे सच्चा आणि ‘सदका’ म्हणजे खैरात, दोघेही याच घराण्यातले चुलतभाऊ. उत्पत्तीच्या १४व्या अध्यायात अब्रामाला भाकर आणि द्राक्षारस घेऊन सामोरा येणारा राजा मलकीसदेक, त्याच्या नावाच्या शेपटीतही हाच बसला आहे.

आता मराठीत ‘नीतिमान’ म्हटलं की डोळ्यांपुढे कोण उभं राहतं? खाली मान, चोख भांग, ना तंबाखू ना शिवी. म्हणजे नीतिमत्ता ही त्या माणसाच्या आत ठेवलेली एक वस्तू, एकट्याची. मी पूर्वी ‘धार्मिकता’ म्हणत असे. ते त्याहून वाईट. एकदा एका खेड्यातल्या उपासनेत मी घसा ताणून धार्मिकतेवर बोललो आणि शेवटी पहिल्या रांगेतल्या आजींनी विचारलं, “म्हंजी उपास-तापास का मास्तर?” त्या दिवसापासून तो शब्द मी सोडला.

हिब्रूतला शब्द एकट्या माणसात मावत नाही. त्याला समोर दुसरं कुणीतरी लागतं: गिऱ्हाईक, मजूर, सून, शेजारी, देव. माझ्यावर त्या दुसऱ्याचा काही हक्क आहे, आणि तो मी पुरा केला की नाही, यावर त्सद्दीक ठरतो.

म्हणून मी शिकवताना स्तोत्रांपासून सुरुवात करत नसे, वाण्याच्या दुकानापासून करत असे. लेवीय १९:३६ काढा. एका वचनात ‘त्सेदेक’ चार वेळा येतो आणि चारही वेळा तराजूच्या आसपास: त्सेदेकचे तराजू, त्सेदेकचे दगड, त्सेदेकचा एफा, त्सेदेकचा हिन. एफा हे धान्याचं माप, हिन हे पातळ पदार्थांचं. दगड कसले, तर वजनाचे. यहूदा देशाच्या जुन्या गावांत खणताना असे दगड पुष्कळ सापडलेत. चुनखडीचे, वरून घुमटासारखे गोल, खाली सपाट, बोटांत धरून पारड्यात ठेवता येतील असे. शेकेल हे तिथलं वजनाचं माप, एका शेकेलचा दगड साधारण सव्वाअकरा ग्रॅमचा भरतो. आता हा दगड ‘नीतिमान’ कसा असेल? त्याला ना विश्वास ना सदाचार. पण त्याच्यावर जे कोरलंय तेवढाच तो भरतो. समोरच्याला जे कबूल केलं ते तो देतो. याला मराठीत नेमका शब्द आहे, फक्त आपण तो शास्त्रात नेला नाही: रास्त. रास्त भाव दुकानातला रास्त. माझं चाललं असतं तर मी लेवीयमध्ये ‘रास्त तराजू, रास्त वजनं’ असंच लिहिलं असतं.

उलट बाजूही तिथेच आहे. मोशेच्या पाचव्या पुस्तकात, ‘अनुवाद’ २५:१३ मध्ये, पिशवीत ‘दगड आणि दगड’ ठेवू नका म्हटलंय, एक मोठा, एक लहान. घ्यायला एक आणि द्यायला एक. आमोस ८:५ मधले व्यापारी शब्बाथ कधी संपतो याची वाट बघतात, की मग एफा लहान करू आणि शेकेल मोठा करू. म्हणजे धान्य कमी मापायचं आणि चांदी जास्त तोलून घ्यायची. मापात पाप, दुसरं काय! आपल्याकडे ही म्हण दोन शब्दांत संपते. आमोसाला त्यासाठी अख्खा संदेश द्यावा लागला.

तुमच्या वडिलांची रिकामी तागडी मला इथे आठवते. तागडी कधीच बरोबर नसते. दोरी ओली होते, पारड्याला गूळ चिकटतो. मग हलक्या बाजूला पासंग लावावा लागतो, खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा. हा पासंग कुठल्या बाजूला लावायचा हे फक्त दुकानदाराला माहीत असतं, आणि वैधमापनवाल्यांचा शिक्का वजनावर असतो, दोरीवर नसतो. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकासमोर रिकामी तागडी उचलून धरायची, काटा मध्ये आलेला त्याला दाखवायचा आणि मगच वजन टाकायचं, हे लेवीय १९:३६ आहे. ते त्यांनी वाचलं होतं की नाही, यावर काही अडत नाही.

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. २३वं स्तोत्र तुम्हाला पाठ असेल, ‘नीतिमार्गांनी चालवतो’. तिथला हिब्रू शब्द ‘मागल’. गाडीला हिब्रूत ‘अगाला’ म्हणतात, त्याच घरातला हा शब्द: चाकं जाऊन जाऊन पडलेली वाट. म्हणजे आपली चाकोरी! मराठीत चाकोरी म्हटलं की आता कंटाळा आठवतो, पण चिखलाच्या दिवसांत बैलगाडी ज्याने हाकली आहे त्याला विचारा चाकोरी सापडणं म्हणजे काय असतं. मेंढपाळ तिथे कळपाला रास्त चाकोरीला लावतो.

आता धाकट्या बहिणीकडे येऊ. तिचे दोन मुद्दे आहेत आणि त्यांचं वजन सारखं नाही.

मंडळीत येत नसत, हा मुद्दा हिब्रूच्या तराजूत हलका आहे. उत्पत्तीच्या ३८व्या अध्यायात, जो आपल्याकडे रविवारी सहसा कुणी वाचायला घेत नाही, तामारेची गोष्ट आहे. यहूदाची ही सून विधवा झाली. दीराशी तिचं लग्न लावून देणं हे त्या काळच्या रीतीप्रमाणे सासऱ्याकडे तिचं येणं, म्हणजे घ्यायची बाकी, होतं. पहिला दीरही मेला, तेव्हा धाकटा मोठा होईपर्यंत माहेरी जाऊन राहा असं सांगून यहूदाने तिला वाटेला लावलं आणि विसरला. शेवटी ती बुरखा घेऊन रस्त्याच्या कडेला बसली. सासऱ्याने तिला वेश्या समजून गाठलं, आणि पैशांऐवजी तिने त्याची मुद्रा, दोरी आणि काठी गहाण म्हणून ठेवून घेतली. पुढे ती गरोदर असल्याचं कळल्यावर तिला जाळायला निघालेल्या यहूदाच्या हातात त्याच वस्तू आल्या. त्यावर तो जे बोलला ते हिब्रूत दोनच शब्दांचं वाक्य आहे: ‘त्सादका मिम्मेन्नी’. माझ्याहून ती त्सद्दीक. तिचं वागणं सोज्ज्वळ होतं असं त्याला म्हणायचंच नाही. तिचा हक्क होता, तो मी बुडवला, तिची बाजू रास्त, हे त्याला कबूल करावं लागलं. मलकीसदेकाच्या राजवैभवापेक्षा हा शब्द मला इथे जास्त कळतो.

शिवाय त्सद्दीक चुकतच नाही, असंही शास्त्र म्हणत नाही. उपदेशक ७:२० स्पष्टच सांगतो की नेहमी चांगलंच करतो आणि कधी पाप करत नाही असा त्सद्दीक पृथ्वीवर नाही. नीतिसूत्रे २४:१६ मध्ये तो सात वेळा पडतो आणि उठतो. नोहाला उत्पत्ती ६:९ मध्ये त्सद्दीक म्हटलंय, पण ‘त्याच्या पिढीत’ हे शब्द जोडून. यहुदी भाष्यकारांची त्यावर जुनी चर्चा आहे. काही म्हणतात, एवढ्या बिघडलेल्या लोकांत चांगला राहिला, केवढी थोरवी! काही म्हणतात, अब्राहामाच्या पिढीत असता तर त्याला कुणी विचारलं नसतं.

पण ताटाचा मुद्दा जड आहे, ताई. तो झटकू नका. वर सांगितलं त्याप्रमाणे हा शब्द समोरच्याच्या हक्कावर उभा असेल, तर तो हक्क दुकानातच सुरू होतो आणि घरात आलं की संपतो असं नाही. गिऱ्हाइकाला काटा दाखवणारा माणूस संध्याकाळी घरी आला की पोरींना काय देत होता? बहीण तुम्हाला शिकवणीच्या भाषेत सांगत नाहीये, पण हिब्रू अर्थाच्या सगळ्यात जवळ तीच पोहोचली आहे. बाबा पापी होते ही तिची तक्रार नाही. आमचं येणं राहिलं, ही आहे.

पाळकसाहेबांचं म्हणणं तिसऱ्या खोलीतून येतं, न्यायालयाच्या. याच धातूचं एक क्रियापद आहे, ‘हित्सदीक’. अनुवाद २५:१ मध्ये दोघे भांडत न्यायाधीशापुढे येतात, तेव्हा त्याने त्सद्दीकाला त्सद्दीक ठरवावं आणि दोषीला दोषी. निकाल. उत्पत्ती १५:६ मध्ये अब्रामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याच्या खाती त्सदाका म्हणून धरला गेला. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल हेच वचन उलगडत बसतो. तेव्हा पाळकसाहेबांचा आधार पक्का आहे. फक्त त्यांच्या अर्थाने तो शब्द गावातल्या प्रत्येक विश्वासणाऱ्याच्या दगडावर चालेल, आणि बहिणीला तुमच्याच वडिलांबद्दल विचारायचं आहे. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत, म्हणून भांडण संपत नाही.

मामेभावाचं ऐकायला सगळ्यात गंमत वाटली. तो रोज रस्त्यात तिन्ही अर्थ ऐकत असणार. कुणाचं म्हणणं पटलं की लोक म्हणतात ‘त्सोदेक’, म्हणजे बरोबर बोललास. तिथलं सर्वोच्च न्यायालय सरकारविरुद्धचे अर्ज ऐकायला बसतं तेव्हा त्याच्या नावात ‘त्सेदेक’ असतो. आणि डब्यावर ‘त्सदाका’. डब्याचा अर्थही जुना आहे, जुन्या करारातल्या उशिराच्या पुस्तकांपासूनच तो तिकडे सरकायला लागला. पण त्याला आपण दान म्हणतो तिथे एक बारीक वीण सुटते. दान देणाऱ्याच्या मर्जीचं असतं. दिलं तर पुण्य, नाही दिलं तर कुणी विचारत नाही. त्सदाकेचं तसं नाही. ताल्मूद या यहुद्यांच्या धर्मग्रंथात असा नियम आहे की जो स्वतः त्सदाकेवर जगतो, त्यानेही त्यातून त्सदाका द्यायची. मर्जीची गोष्ट असती तर भिकाऱ्याकडून कुणी मागितली नसती.

मराठीत याला शब्द आहे, आणि तो तुमच्या दुकानाच्या वहीतच आहे: देणं. ‘देणं’ म्हणजे देण्याची क्रिया आणि ‘देणं’ म्हणजे फेडायचं कर्ज, दोन्ही एकाच शब्दात. आपण समाजाचं देणं लागतो, असं भाषणात म्हणतो ना? तेच. हिब्रूतल्या त्सदाकेला मराठीत यापेक्षा जवळचा शब्द मला तीस वर्षांत मिळाला नाही.

आता वाळे.

अनुवाद २४:१० पासून १३ पर्यंत वाचा, भावालाही वाचायला द्या. उसने दिले तर गहाण आणायला कर्जदाराच्या घरात शिरू नकोस. बाहेर उभा राहा, तो आणून देईल. तो गरीब असेल तर त्याचं गहाण ठेवून घेऊन झोपू नकोस. सूर्य मावळताना त्याचं पांघरूण त्याला परत दे, म्हणजे तो ते पांघरून झोपेल आणि तुला आशीर्वाद देईल. आणि मग शेवटचं वाक्य: हे देवासमोर तुझी त्सदाका होईल. थोडं वर, सहाव्या वचनात, जातं गहाण घ्यायला मनाई आहे, तळी नको आणि वरचा दगडही नको. १७व्या वचनात विधवेचं वस्त्र गहाण घ्यायला.

हे नुसतं पोथीतलं नाही. १९६० साली भूमध्य समुद्राच्या काठी, यावने-यामजवळच्या एका पडक्या गढीत लिहिलेलं खापर सापडलं, इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकाच्या शेवटाचं. कापणीला लावलेल्या एका मजुराचा तो अर्ज आहे, तिथल्या अधिकाऱ्याला लिहिलेला. मजूर म्हणतो, मी कापणी केली, नेमून दिलेलं सगळं मोजून कोठारात टाकलं, आणि होशायाहू बेन शोबाय आला आणि त्याने माझं वस्त्र काढून नेलं. उन्हात माझ्याबरोबर कापणाऱ्या माझ्या भावांना विचारा, ते साक्ष देतील. माझा काही दोष नाही, माझं वस्त्र परत मिळवून द्या. एका अंगरख्यासाठी माणूस हे एवढं लिहून घेतो, आणि वाक्यं अडखळत येतात, तेच तेच पुन्हा येतं. कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याकडे उभी राहिलेली माणसं अशीच बोलतात. यशयाने ५:७ मध्ये याच आवाजावर श्लेष केलाय: देवाने त्सदाकेची वाट पाहिली आणि ऐकू आली ‘त्सआका’, म्हणजे आकांत. दोन शब्दांत एका अक्षराचा फरक.

तुमच्या बेतातली चूक फार जुनी आहे, म्हणून रागावू नका. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात यहुद्यांचे पहिले पाच ग्रंथ ग्रीकमध्ये नेले गेले. तेव्हा अनुवादकांनी ‘त्सदाका’साठी बहुतेक ठिकाणी न्यायाचा शब्द घेतला, पण नेमकं गहाणाच्या या वचनात, अनुवाद २४:१३ मध्ये, दयेचा घेतला, ज्याचा पुढे ‘भीक, दानधर्म’ असा अर्थ रूढ झाला. मला ते भाषांतर पटत नाही. ज्याचं पांघरूण त्याला परत देण्यात दया कसली? त्याचंच तर आहे.

वाळेही त्यांचेच आहेत. तुम्ही दान देऊ शकत नाही, कारण दान स्वतःच्या मालकीच्या वस्तूचं करतात. आणि सगळ्यांसमोर तर अजिबात नको. एका बाईला उभं करून पंधरा-सोळा वर्षांपूर्वी डाळ-तांदळासाठी तिने पोराच्या पायातले वाळे काढून दिले होते हे सगळ्या मंडळीला सांगायचं, आणि वर टाळ्या आपण घ्यायच्या? मत्तय ६:१ मध्ये, आपलं नीतिमत्त्व लोकांनी पाहावं म्हणून त्यांच्यासमोर करू नका, असं येशू म्हणतो, आणि लगेच पुढच्या वचनात बोलतो ते दानधर्माबद्दल. त्सदाकेचे दोन्ही अर्थ कानात असलेला यहुदी गुरू बोलतोय, एवढं लक्षात घेतलं की ती दोन वचनं सरळ जुळतात.

ताल्मूदात मार उक्वा नावाच्या धर्मपंडिताची गोष्ट आहे. शेजारच्या एका गरिबाच्या दाराच्या बिजागरीच्या खाचेत तो रोज चार झूझ नाणी टाकून जायचा. कोण टाकतं ते आज बघूच, असं एक दिवस त्या गरिबाने ठरवलं. दार हललं तसे मार उक्वा आणि त्याची बायको पळत सुटले आणि नुकतेच निखारे काढलेल्या भट्टीत जाऊन लपले. त्याचे पाय भाजायला लागले, तेव्हा बायको म्हणाली, माझ्या पायांवर ठेव. देणारा लाजून भट्टीत शिरतो, घेणाऱ्याला लाजवत नाही. तुम्हाला भट्टीत शिरायला सांगत नाही, पण एक दिवस दुपारी कामावरून त्या घरी आल्या असतील तेव्हा एकट्याच जा. बाहेर उभ्या राहा, त्यांनी बोलावलं तर आत जा. ‘बाबांच्या खणात तुमची वस्तू राहिली होती, द्यायला उशीर झाला’ एवढंच बोला. माफी मागायची असेल तर उशिराची मागा. चिठ्ठी सोबत न्या आणि त्यांच्या हातात द्या, त्यांना फाडायची तर फाडू दे. चांदी काळी पडली असेल. रांगोळीने घासून चमकवून नेऊ नका, जशी दिली तशी ओळखू येऊ दे.

भावाचे ६५० रुपये. अनुवाद १५ मध्ये दर सात वर्षांनी देणी सोडून द्यायला सांगितलंय, आणि २००९ पासून दोनदा सात वर्षं होऊन गेली. खरं म्हणजे पुढच्या यहुदी पंडितांनी गहाण ठेवून घेतलेल्या देण्याला या सवलतीतून वगळलं. ते मी लपवत नाही, कारण तुमचा भाऊ कुठूनतरी शोधून काढील आणि माझ्यावर उलटवील. पण त्याला एक विचारा. बाबांनी इतक्या वर्षांत ते वाळे मोडले नाहीत. चांदीचा भाव त्यांनाही कळत होता. फडकं बांधून, नाव लिहून, खणात ठेवले. मोडले नाहीत म्हणून त्यांना शाबासकी, आणि परत नेऊन दिले नाहीत ही बाकी. ती बाकी आता दुकानासोबत भावाच्या वाट्याला आली आहे. बाईंनी आपणहून पैसे पुढे केले तर मात्र नाही म्हणू नका. ‘राहू द्या हो’ म्हणून त्यांचे पैसे परत सारलेत, की तुम्ही पुन्हा दान करायला बसलात. त्यांचं फेडणंही त्सदाकाच आहे. घ्या, आणि वहीत जमा मांडा.

राहिला दगड. तुमच्या भावाने निवडलेल्या वचनाचे हिब्रूतले तीन शब्द, ‘झेखेर त्सद्दीक लिव्राखा’, यहुदी लोक आद्याक्षरांत दिवंगतांच्या नावापुढे लिहितात. पण सरसकट सगळ्यांच्या नाही. साध्या माणसाच्या नावापुढे ‘झिख्रोनो लिव्राखा’ लिहितात, म्हणजे त्याचं स्मरण आशीर्वाद असो. त्यात त्सद्दीक नसतो. तो शब्द थोर धर्मगुरूंसाठी आणि सगळ्यांनी मान्य केलेल्या माणसांसाठी राखून ठेवतात. म्हणजे ज्यांची ही भाषा आहे त्यांनाही हा शब्द दगडावर घालताना हात आखडावा लागतो. तुमची बहीण उगाच कुरकुरत नाहीये.

कोरलं तर खोटं होईल का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: दुकानाच्या बाजूने खोटं होणार नाही. घराच्या बाजूने मला सांगता येत नाही, तिथे मी नव्हतो, ती होती. म्हणून वचन ठरवण्याचं काम तिच्याकडे द्या. त्या तराजूत तिचं येणं आहे, तर काटा मध्ये आला की नाही हे तिनेच बघावं. वाळे द्यायला जाल तेव्हा तिला सोबत नेऊ नका, पण आल्यावर काय झालं ते तिला सांगा. ती ‘नीतिमान’ला हो म्हणाली तर उत्तम. नाही म्हणाली तर ‘त्यांचे स्मरण आशीर्वाद असो’ एवढंच घाला. त्यातही काही कमी नाही, बहुतेक सगळ्या यहुद्यांना तेवढंच मिळतं.

‘नीतिमान’ ठरलं तर पाथरवटाला तोंडी सांगू नका, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या: ‘नी’ दीर्घ, ‘ति’ ऱ्हस्व. आमच्याकडच्या कबरस्थानात मी निदान चार ठिकाणी उलटं कोरलेलं पाहिलंय.